कलम सात

मी फक्त टाइप करते.
बोरा बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावर तिसरा मजला,
विजयकर मॅडमची खोली. गोल टेबल.
चौकोनी टेबलाला समोरची बाजू असते, मॅडम म्हणतात,
आणि समोरची बाजू लोक कोर्टातून घेऊनच येतात.
कोपऱ्यात, पार्टिशनच्या अलीकडे, मी.
इथलं ऐकलेलं इथंच ठेवून घरी जायचं,
म्हणून नावं बदलून सांगते.

गळतीचं प्रकरण.
माहीम, कापड बाजाराच्या मागं, चार मजली इमारत.
वर आग्नेलो घोन्साल्विस, खाली मंदाकिनी चुरी,
मधे पाच इंचांचा स्लॅब आणि तेरा वर्षं.
तीन प्लंबरांचे अहवाल फायलीत.
एक म्हणतो, पाणी वरूनच येतं.
दुसरा म्हणतो, नक्की सांगता येत नाही.
तिसरा अहवाल अर्धा आहे, प्लंबर वारला.

चुरीबाई म्हणाल्या,
डाग पडला तेव्हा बशीएवढा होता.
मग परातीएवढा.
आमचे हे म्हणायचे, बघ, आपला मुलूख वाढतोय.
हे गेले तेव्हा वरून कुणी आलं नाही.

घोन्साल्विस म्हणाले,
आलो होतो. अर्ध्या जिन्यापर्यंत.
त्याच आठवड्यात तुमच्या वकिलाची नोटीस आलेली.
दाराशी चपला पुष्कळ होत्या,
आपली कुठं काढायची कळेना.
परत वर गेलो.

यातलं काही टाइप करायचं नसतं.

टाइप करायचं ते असं:
कलम एक, न्हाणीघराची फरशी वरच्यांनी उखडावी.
कलम दोन, खर्च साठ-चाळीस.
साठ-चाळीसला पावणेदोन तास लागले.
कलम तीन, छताचं प्लास्टर.
कलम चार, रंग पांढरा.
पांढरा म्हणजे कुठला पांढरा, इथं चहा मागवला.
कलम पाच, दावा मागे घ्यावा, कोर्ट फी परत मागावी.
कलम सहा माझ्या बोटांना पाठ आहे:
उभय पक्षांची एकमेकांविरुद्ध
आता कोणतीही तक्रार राहिलेली नाही.

चुरीबाईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा.
असं कसं लिहिता? राहिलीय की.
माझीपण राहिलीय, घोन्साल्विस म्हणाले.
तेरा वर्षांतलं पहिलं एकमत.

मॅडमनी चष्मा काढला.
मग काय हवंय?

खालचं झेरॉक्स मशीन चालू होतं,
ते सकाळपासून चालू असणार.
बाई टेबलाकडं बघत म्हणाल्या,
जिन्यात दिसले तर ओळख द्यावी.

मॅडम म्हणाल्या, अहो, हे कलम होत नाही.
नाही दिली ओळख, तर दरखास्त लावणार?
बेलिफ येऊन नमस्कार करवून घेणार?

लिहा, घोन्साल्विस म्हणाले.
लिहा हो, बाई म्हणाल्या.

मॅडमची मान हलली, किंचित.
बावीस वर्षं टाइप करतेय, पण कलम सातला
माझी बोटं पहिल्यांदा शब्द शोधत होती.
'जिन्यात अथवा आवारात समोरासमोर आल्यास
उभय पक्षांनी एकमेकांस हसून ओळख द्यावी.'
'हसून' घोन्साल्विसांनी खोडायला लावलं.
तेवढं जमणार नाही, म्हणाले.

सह्या झाल्या, पानोपानी.
खुर्च्या सरकल्या. मॅडमनी पुढची फाईल मागितली.
चुरीबाईंचं चष्म्याचं घर टेबलावरच राहिलेलं,
ते घेऊन मी मागं धावले.

लिफ्ट बंद, गणपतीपासून.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई,
कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
गुडघा धरलेला.
आणि चार पायऱ्या खाली घोन्साल्विस,
पाठ वळवून,
भिंतीवरचं 'येथे थुंकू नये' वाचत उभे.

ते वाचायला एवढा वेळ लागत नाही.

ओळख देत नव्हते.
पुढे मात्र गेले नव्हते.
बाई एक पायरी उतरल्या,
तेही एक उतरले, न बघता.

मीही वरच थांबले,
हातात चष्म्याचं घर.